उष्ट्या पानावरची कादंबरी

माझी अक्का भावजींच्या उष्ट्या पानावर जेवते. आजही जेवते. तुम्ही दोघं पुण्याहून सुटीत एथे तंजावूरला येता तेव्हा ती स्वयंपाकघराचं दार लोटून घेते, म्हणून तुम्ही ते कधी पाहिलेलं नाही. तुम्हाला वाटतं, मोठी आजी लाजाळू आहे, सगळ्यांच्या मागून एकटी जेवते. लाजाळू कसली!

परवा फोनवर धाकटीने विचारलं, "आजी, दुसरी कादंबरी कधी? वाचक वाट बघत असतील ना?" मी तेव्हा कुकरच्या शिट्टीचं निमित्त करून फोन ठेवला. खरं उत्तर लांब आहे आणि ते त्या पानापासूनच सुरू होतं. म्हणून नीट, क्रमाने लिहून काढते आहे. जेवत असाल तर हे बाजूला ठेवा आणि हात धुतल्यावर वाचा.

भावजी जेवून उठले की त्या केळीच्या पानावर काय काय असतं, ते आधी सांगते. शेवग्याच्या शेंगांचे चावून, चोखून, पिळून काढलेले चोथे एका कडेला. सांबाऱ्यातल्या मिरचीचं देठ. कढीलिंबाची पानं, तीही तोंडातून काढलेली. मधोमध ताकभाताचा ओला पट्टा आणि त्यात चार बोटांच्या रेघा. आपल्यातले बाकीचे पुरुष जेवण झालं की पान दुमडतात. भावजी दुमडत नाहीत. उघडं ठेवून उठतात, कारण त्यांच्या हिशेबी ते पान अजून संपलेलं नसतं. मग अक्का त्याच पाटावर बसते, चोथे जरासे सरकवते आणि भात वाढून घेते. तो पांढराशुभ्र गरम भात नेमका त्या रेघांवर पडतो.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शाळेत होते. अक्काचं नुकतंच लग्न झालं होतं, भावजी पापनाशमच्या रेल्वे स्टेशनात नोकरीला होते आणि मला सुटीत तिथे पाठवलं होतं. अक्का पानावर बसली. मी म्हटलं, "अक्का, ते भावजींचं पान आहे." ती म्हणाली, "उगे बस." मी उगी बसले, तिने पहिला घास घेतला, आणि मी धावत परसात जाऊन ओकले. तिच्या सासूबाईंनी पोरीला ऊन लागलं असं ठरवलं आणि मला जिऱ्याचं पाणी पाजलं.

भावजी वाईट माणूस नाहीत. तसा गैरसमज करून घेऊ नका. त्यांनी अक्कावर कधी आवाज चढवला नाही, तिच्या गुडघ्यांना रोज संध्याकाळी स्वतः तेल लावतात. पानावर तिच्यासाठी काही चांगलं आठवणीने मागे ठेवतात. वडा असला तर अर्धा ठेवतात. अर्धा, म्हणजे दातांनी तोडलेला. त्या कडेवर दातांची नक्षी स्पष्ट दिसते. अक्का तो वडा शेवटी खाते, गोड पदार्थासारखा.

मी कॉलेजात मुलींना इंग्रजी शिकवलं. स्त्रीचा स्वाभिमान, व्यक्तीचं स्वातंत्र्य, असे शब्द माझ्या तोंडून फळ्यासमोर सहज निघत. अक्काच्या स्वयंपाकघरात मात्र त्यातला एकही निघाला नाही. मोठ्या बहिणीला तिच्या जेवणावरून बोलायची आपल्यात रीत नाही. नोकरी संपली, तुमचे आजोबा गेले, घर शांत झालं, तेव्हा मी कादंबरी लिहायला बसले. रोज आंघोळ आणि कॉफी झाली की लिहायचं आणि भाजीवाला आला की थांबायचं, असा नेम ठेवला. इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं, पण अक्काला इंग्रजी येत नाही. तमिळ ती वाचते, पण तमिळमध्ये ते तिला शेजारच्या घरचं वाटलं असतं. म्हणून मराठी. आपल्या गल्लीत सगळ्या मराठी बोलतात, पण देवनागरी वाचणाऱ्या शोधाव्या लागतात. अक्कालाही येत नाही. तेव्हा पुस्तक छापून आलं की मी स्वतः तिला वाचून दाखवायचं, असं ठरवलं होतं.

गोष्ट अगदी साधी. आपल्यासारख्याच गल्लीतली एक प्रौढ बाई एका दुपारी नवऱ्याचं उष्टं पान समोर घेऊन बसते. बघते. आणि ते पान दुमडून परसातल्या गाईला घालते. भांडण नाही, रडारड नाही. ती साडी बदलते आणि तिरुवैयारूच्या बसमध्ये बसते. तिथे नदीजवळ एक खोली घेते, लहान मुलींना गाणं शिकवते. नवरा निरोपावर निरोप पाठवतो, ती परत जात नाही. शेवटच्या प्रकरणात ती बाजारात केळीची पानं घ्यायला जाते. एकटीसाठी एक पान कोणी देत नाही, जुडीच घ्यावी लागते. ती जुडी काखेत मारून घरी येते, एक पान धुते, त्यावर भात वाढते आणि जेवते. संपलं.

महाराष्ट्रातल्या एका लहान प्रकाशकांनी ती छापली. छापण्याआधी माझे सगळे 'एथे' काढून 'इथे' केले आणि 'लौकर'चं 'लवकर' केलं. मग तिकडच्या वाचकांचे फोन आले. थोडे आले, पण सगळे मला पाठ आहेत. एक गृहस्थ म्हणाले, "तुमची मराठी काय गोड हो! अगदी लहान मूल बोलतंय असं वाटतं." मी कॉलेजात विभागप्रमुख होते, हे त्यांना सांगावं की नाही या विचारात असताना त्यांनी विचारलं, "तंजावूरचं खरं सांबार कसं करतात?" दुसऱ्या बाईंना कादंबरी फार आवडली होती. त्यांना फक्त एवढंच कळलं नव्हतं की ती बाई घर सोडून का गेली. "म्हणजे नवरा मारत-बिरत होता का? मध्ये पानं गळालीत की काय माझ्या प्रतीत?" मी म्हटलं, "नाही. सगळी पानं आहेत."

आता मूळ गोष्ट. पुस्तकांची पेटी घरी आली आणि मी अक्काकडे एक प्रत घेऊन गेले. भावजी झोपाळ्यावर बसले होते. मी पुस्तक उघडलं, भावजींनी कानामागे हात धरला, कौतुकाने माझ्याकडे पाहिलं, आणि माझा आवाज बसला. "घसा दुखतोय," मी म्हणाले आणि परत आले. असं बऱ्याचदा झालं. ओळखीच्या माणसासमोर त्याचंच पान कसं वाचणार?

तेव्हा समोरच्या घरातली हिंदीची शिकवणी घेणारी बाई आली. ती माझीच जुनी विद्यार्थिनी, म्हणून अजून मला मॅडम म्हणते. मुलांकडून हिंदीच्या परीक्षांची तयारी करून घेते, त्यामुळे देवनागरी तिला सरसर वाचता येते. तिने प्रस्ताव मांडला. दर शुक्रवारी दुपारी ती तिच्या घरी गल्लीतल्या बायकांना जमवून माझी कादंबरी वाचून दाखवणार. अक्कालाही नेणार. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. जे माझ्या तोंडून निघत नव्हतं ते दुसरीच्या तोंडून, चारचौघींत बसून, अक्काच्या कानावर पडणार.

"फक्त एक आहे, मॅडम," ती म्हणाली. "तुम्ही येऊ नका."

"का गं?"

"तुम्ही बसलांत म्हणजे सगळ्या पाठ ताठ करून बसतील. मग हसणार कोण, जांभई देणार कोण? शाळा होईल एथे."

मला पटलं. शुक्रवारी दुपारी मी माझ्या खिडकीत बसत असे. समोरून आधी एकटीचा आवाज येई, मग मधेच हशा, कधी भांड्यांचा आवाज, कॉफीचा वास. लिहिणाऱ्याला याहून जास्त काय हवं, असं वाटे. तेव्हा मी खरंच मूर्ख होते.

काही महिन्यांनी कोपऱ्यावरच्या मामींनी मला हाक मारली. त्या ओट्यावर फणस फोडत बसल्या होत्या. "काय करूलीस? थांब की!" म्हणत उठल्या आणि फणसाच्या चिकाने आणि खोबरेल तेलाने बरबटलेल्या दोन्ही हातांत त्यांनी माझे हात धरले.

"काय लिहिलीस गं तू! ते पान! अगं, ते पान तू लिहिलीस ना, मला रात्रभर झोप नाही. आमच्या ह्यांना उठवून सांगितली."

माझे हात चिकटले होते आणि मला ते सोडवून घ्यावेसे वाटत होते, पण त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं. मला वाटलं, पोचलं. या मामी उभ्या जन्मात नवऱ्याच्या आधी पाणी प्यायल्या नसतील, आणि यांना त्या पानाने झोप लागू दिली नाही. घरी येऊन मी कितीतरी वेळ तेलाने हात चोळत होते, पण चीक निघाला तरी वास जाईना. त्या वासाचंही मला कौतुक वाटलं.

मग समाप्तीचं आमंत्रण आलं. आपल्याकडे पोथी वाचून पुरी झाली की जेवण घालतात, तसं या बायकांनी कादंबरीचंही ठरवलं होतं. मी मुख्य पाहुणी. त्यांनी मला नारळ, विडा, हार आणि शाल दिली. कूडमात, म्हणजे आतल्या मोठ्या खोलीत, पाट मांडले होते. आधी पुरुष बसले. मी म्हटलं, ठीक आहे, सवय लगेच कशी जाईल. पुरुष जेवले, उठले. एकानेही पान दुमडलं नाही. मला वाटलं, विसरले. आणि मग एकेक बाई आपापल्या नवऱ्याच्या पानावर जाऊन बसली.

कोणाच्या पानावर पायसम सांडून वाळत आलं होतं. कोणी आंब्याची कोय चोखून ठेवली होती, तिला केस होते. एका तरुण जावयाला बिचाऱ्याला लाज वाटली असावी. त्याने बायकोसाठी पान जरा स्वच्छ करावं म्हणून बोटाने ते निपटलं आणि बोट चाटलं. त्याची बायको हसली आणि फोन वर धरून दोघांचा फोटो काढला. माझ्या पोटातून पापनाशमचं ऊन वर यायला लागलं.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"शेवटचं प्रकरण की!" कोपऱ्यावरच्या मामी आपल्या पानावरून ओरडल्या. तोंडात घास होता. "तीच नाही का शेवटी येते, त्यांच्या पानावर बसते, ते पान डोळ्यांना लावते? अगं, तूच लिहिलीस आणि तूच विचारतेस!"

"कोण येते? कोठे येते?"

"घ्या! लेखकांचं असंच असतं. लिहून विसरतात."

सगळ्या हसल्या. मी शिकवणीवालीकडे पाहिलं. ती ताकाचं भांडं घेऊन आत निघून गेली.

आणि त्याच ओळीत, शेवटच्या पाटावर, अक्का बसली होती. भावजींच्या पानावर. दार लोटलेलं नव्हतं. मान खाली नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तिला ते पान उजेडात, चारचौघींत, ताठ बसून जेवताना पाहिलं. तिने माझ्याकडे बघून मान हलवली, जशी आपण कार्यात एखाद्याला 'छान झालं' म्हणून दुरून हलवतो. ती दार लावून घेत असे, याचा मला तोवर आधार होता. वाटे, हिलाही कोठेतरी लाज आहे. माझ्या पुस्तकाने ती लाज स्वच्छ धुऊन काढली होती.

शिकवणीवालीला मी परसात नळापाशी गाठलं.

"शेवटचं प्रकरण कोणी लिहिलं?"

"मॅडम, हळू."

"कोणी लिहिलं?"

"तुमच्या बाईने पान गाईला घातलं ना, त्या दिवशी दोघी उठून गेल्या. पुढच्या शुक्रवारी आणखी काहीजणी आल्या नाहीत. म्हणाल्या, अन्न टाकणाऱ्या बाईची गोष्ट घरात नको, शुक्रवार आहे. मग मी काय करू? थोडं बदलले."

"थोडं?"

"नवऱ्याला आजारी पाडले."

"कशाने?"

"आधी कावीळ." ती पदराला हात पुसत राहिली. "मग वाटलं, काविळीला एवढ्या लांबून कोण येईल. म्हणून हार्ट."

"आणि ती परत येते."

"शेवटच्या बसने. त्यांना दोन घास भरवते, ते जातात, आणि ती त्यांच्या पानावर बसून उरलेलं खाते. मॅडम, तुम्ही ऐकलं असतांत तर तुम्ही पण रडला असतां."

"मी रडले नसते. मी ओकले असते."

तिला ते लागलं. माझ्या वर्गात ती नेहमी पहिल्या बाकावर बसे आणि कमी गुण पडले की अशीच लाल होई. "तुमची बाई शेवटी काय करते? जुडी घेते," ती म्हणाली. "पानांची जुडी! आणि पुस्तक संपतं. मी तसंच वाचले असते तर सगळ्या विचारल्या असत्या, मग पुढे? पुढे काय झालं?"

"पुढे काही नाही. ती जेवते."

"तेच की, मॅडम! त्याला कोण थांबेल? मी वाचले म्हणून एवढ्या जणींनी तुमचं पुस्तक ऐकलं तरी. बाकीची पेटीत आहेत ना तुमच्या पलंगाखाली? वाळवीला मराठी येते का?"

आतून कोणीतरी तिला ताकासाठी हाक मारली आणि ती गेली. मी नळ सोडून तोंड धुतलं. पायापाशी आधी जेवलेल्या मुलांच्या उष्ट्या पानांचा ढीग होता, त्यावर माशा. निदान ही तरी दुमडलेली होती.

वाचकांबद्दल मी पूर्वी जे जे वाचलं, शिकवलं, ते सगळं मला त्या दिवशी खोटं वाटलं. वाचक म्हणे लेखकाचा सोबती. माझ्या वाचकांनी माझ्या बाईला बसमधून ओढून आणलं, मानेला धरून पाटावर बसवलं आणि वर मला शाल घातली. आणि मी लिहिलेलं त्यांच्यापर्यंत पोचलं ते कसं? आधी एकीने जेवून, तिला रुचलं ते खाऊन, नको ते कडेला सारून, मग उरलेलं त्यांच्या पुढ्यात. पुस्तकाचंही पानच ना. त्या सगळ्या सहा महिने उष्ट्या पानावर जेवत होत्या आणि त्यांना त्याची चव आवडली होती.

शाल मी त्याच संध्याकाळी वॉशिंग मशीनमध्ये टाकली. तिला सांबाऱ्याचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुस्तक घेऊन अक्काकडे गेले. भावजी बाहेर ओट्यावर पेपर वाचत होते. मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. अक्का अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत होती.

"अक्का, मी एक प्रकरण वाचते. ऐक."

"घसा बरा झाला काय?" ती म्हणाली.

मी शेवटचं प्रकरण वाचलं. सगळं, बाजार, जुडी, धुतलेलं पान, एकटीचं जेवण. ती सोलत होती. मी पुस्तक मिटलं तरी सोलत होती.

"जुडीतली बाकीची पानं वाळतील की," ती म्हणाली. "एकटीला एवढी कशाला?"

"अक्का, ती परत जात नाही. कळलं ना तुला? ते पान डोळ्यांना लावणं वगैरे मी लिहिलेलं नाही. ते त्या शिकवणीवालीने घातलं."

"ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"ती पोर वाचते तेव्हा ओळीवरून बोट फिरवते. त्या दिवशी बोट मांडीवर होतं आणि ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून बोलत होती. पुस्तक घेऊन कोण्ही असं वाचतं काय?"

"मग बोलली का नाहीस?"

"सगळ्या रडत होत्या. रडणाऱ्याला मधे अडवू नये."

"आणि तरी काल त्यांच्या पानावर बसलीस?"

"बसणारच की. तुझी बाई गेली तिरुवैयारूला. मला काय गाणं येतं?"

ती उठली, सोललेले दाणे चुलीवर टाकले. बारा वाजत आले तसे भावजी आत आले, "अरे, लेखिकाबाई!" म्हणाले, जेवले, पान उघडं ठेवून उठले आणि बाहेर झोपाळ्यावर जाऊन बसले. अक्काने माझ्यासाठी वेगळं पान मांडलं, नवं, टोक डावीकडे करून, व्यवस्थित. आणि ती त्यांच्या पाटावर बसली. त्या दिवशीही शेवग्याच्या शेंगा होत्या. तिने चोथे सरकवले. कडेला अर्धा वडा होता.

"खा की," ती म्हणाली. "बघत काय बसलीस?"

"मला किळस येते, अक्का."

बोलून टाकलं. तिने मान वरही केली नाही.

"लहानपणी पापनाशमला ओकलीस, ते ऊन लागून नव्हे. ठाऊक आहे मला. तुळशीपाशी ओकलीस. मी पुसले ते."

"तुला माहीत होतं?"

"तेव्हापासून बघूलें, ही तोंड कधी उघडेल. उघडलीस ते पुस्तक काढून! आणि ते पण मला येत नाहीत त्या अक्षरांत." तिने भात कालवला. "गल्लीला सांगितलीस, पुण्याला सांगितलीस. मला कधी सांगितलीस? एकदा तोंडाने सांग की."

बाहेर झोपाळ्याची कडी कुरकुरत होती. मी हातातला घास पानावर ठेवला.

"अक्का, ऊठ त्या पानावरून."

आता तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, उठते. खरंच वाटलं. तिचा डावा हात जमिनीवर टेकलेला होता.

"आता?" ती म्हणाली. "अर्ध्या जेवणातून उठू नये. अन्नाचा अपमान होतो." आणि जेवत राहिली. ताकभात झाला, बोटं चाटून झाली, शेवटी तो वडाही खाल्ला. माझ्याकडे बघत बघत खाल्ला. मग पान दुमडलं, मी माझं दुमडलं, आणि तिने दोन्ही उचलून परसात नेली.

त्यानंतर मी रोज जाते. माझ्या परसात केळी आहेत, हे तुम्हाला माहीत आहेच. थोरल्याने त्यातल्या एकीला झोका बांधून ती आडवी पाडली होती. त्यातलं एक कोवळं पान कापते, पुसते, गुंडाळून घेते आणि भावजी जेवून उठायच्या बेताला अक्काच्या दारात उभी राहते. पहिल्या दिवशी तोंडाने स्पष्ट सांगितलं, "हे पान तुझ्यासाठी." तिने ते दोन्ही हातांनी घेतलं. "छान आहे गं. कोवळं," म्हणाली, मांडलं, त्यावर भात वाढला, आणि मला म्हणाली, "बस." स्वतः भावजींच्या पानावर बसली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी मोठं पान नेलं, दोघींना पुरेल असं. तिने ते विळीवर मधोमध चिरलं, अर्ध्यावर मला वाढलं आणि अर्ध्यात भावजींच्या संध्याकाळच्या इडल्या गुंडाळून ठेवल्या. भावजींना वाटतं, माझ्या घरचा गॅस संपला आहे. काल त्यांनी एजन्सीत फोन करू का म्हणून विचारलं.

शिकवणीवालीही येऊन गेली. आमचं बोलणं आता जपून होतं, पण ती जुनी विद्यार्थिनी आहे, दारातून परत कसं पाठवणार. म्हणाली, "मॅडम, बायका विचारूलेत, दुसरा भाग कधी? नवरा वाचला असता तर बरं झालं असतं म्हणतात. तुम्हाला काही करता येईल का?" मी म्हटलं, "हार्टवर मला इलाज येत नाही." ती म्हणाली, "मग कावीळच ठेवू या की."

तर धाकटे, माझे वाचक असे आहेत आणि अशी वाट बघत आहेत. पुस्तकाची एक प्रत तुमच्या आईकडे आहे. तुम्हा दोघांना देवनागरी येते. कोणाकडून वाचून घेऊ नका, कोणी गोष्ट सांगायला लागलं तर कान झाका. स्वतःच्या डोळ्यांनी शेवटपर्यंत वाचा आणि जुडीचं प्रकरण आवडलं नाही तर मला सरळ तसं सांगा.

दुसरी कादंबरी मी लिहिणार नाही. मला अक्काच्या दुपारचं बघायचं आहे. रोज रोज मीच का जेवून येते, याचा आज शांतपणे विचार केला. मी भुकेली जाते, हीच चूक. तिच्या दारात भुकेलं माणूस आणि कोवळं पान एकदम आलं की ती दुसरं काय करणार? शिवाय त्या वासात, त्या चोथ्यांकडे बघत मला घास धड गिळवत नाही तो नाहीच.

उद्या मी घरी लौकर जेवून घेणार आहे. मग पान घेऊन जाईन.